चिंध्यांचा धूर

किर्गिझस्तानात, बिश्केकच्या आमच्या प्रयोगशाळेत जूराकान वयानं थोरली, म्हणून आम्ही सगळे तिला 'एजे' म्हणायचो. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला ती छपरावर चढायची आणि हवा ओढणाऱ्या यंत्रातला गाळणीचा कागद आणि स्पंज बदलायची. कागदावर काजळी अडकते, स्पंजात धुरातली वायुरूप विषं. हिवाळ्यात दिवसाचा कागद राखाडी निघायचा, रात्रीचा डांबरासारखा. एकवीस हिवाळे तिनं हेच पाहिलं.

तिचा नवरा ताश्तानबेक छातीनं खंगला होता. एका जानेवारीत तिनं प्रयोगशाळेच्या साहेबांकडून जुनं यंत्र मागून घेतलं आणि शहराबाहेरच्या वस्तीत, आपल्याच अंगणात लावलं. आकडे छपरावरच्यापेक्षा चौपट आले. वस्तीत घरं तापवायला कोळशाबरोबर शिवणकारखान्यांतल्या चिंध्या जाळतात. त्या फुकट मिळतात.

चिंध्या जाळू नका, असं सांगत एजे दारोदार फिरली. शेजारीण गुल्सून म्हणाली, "तुझ्या आकड्यांवर चहा उकळतो का गं?"

"अगं, छातीत जातंय हे विष!"

"गारठून मेलो तर छाती घेऊन काय करायचंय?"

शहराच्या कचेरीत तिथल्या अधिकाऱ्यानं कागद न उलटताच सांगितलं, "बाई, यंत्र चुकीच्या जागी लावलंय तुम्ही. बागेत लावा."

मग कडाका पडला. नऊ दिवस वस्तीत कोळशाची गाडी आली नाही. दोन दुलयांखाली ताश्तानबेकचे दात वाजत होते.

"घाल चिंध्या," तो म्हणाला. "आधी ऊब दे, खोकल्याचं मागनं बघू."

एजे गुल्सूनच्या दारात गेली. गुल्सूननं एका शब्दानंही टोचलं नाही, चिंध्यांचं पोतं उचलून दिलं.

दुसऱ्या दिवशी एजेनं अंगणातला कागद माझ्यापुढं ठेवला. त्या महिन्यातला सगळ्यांत वाईट आकडा तोच निघाला.

मी चाचरत म्हटलं, "एजे, हा वगळू या का?"

"का? लोकांचा धूर तो धूर, आणि माझा काय अत्तर? लिही."

मार्चमध्ये ताश्तानबेक गेला. अहवाल वर पाठवला, त्याला उत्तर आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात वस्तीत पोती आणखी वाढली. एजे आता कुणाच्या दारी जात नाही.

परवा गुल्सूननं तिला रस्त्यात गाठलं. खोकून खोकून डोळे लाल झाले होते. "एजे, काय करू गं?"

एजे तिचा हात धरून उभी राहिली. मग बस आली, एजे चढली.