मध्यंतरातला खांब

मसाला शेंगदाण्यांचा वास आला की शिवाजीनगरचं ते थिएटर आठवतं. आईवडिलांच्या घटस्फोटानंतर आम्ही दोघी नोकरदार बहिणी त्यांना समोरासमोर येऊच द्यायचो नाही. एकदा मी वडिलांना सिनेमाला नेलं आणि नेमक्या त्याच खेळाला अक्का आईला घेऊन आली. सिनेमाही विनोदी, घटस्फोटित आईबापांना सांभाळताना मुलांची तारांबळ उडते असा! मध्यंतरात आई दिसताच मी वडिलांना खांबाआड ढकललं. आई सरळ तिथंच आली, शेंगदाण्यांचा पुडा त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "घ्या स्वल्प, चार दाणे. सिनेमापेक्षा आपल्या पोरीच जास्त हसवतात." वडील खो खो हसले. आता माझाही घटस्फोट झालाय. माझ्या मुलांना त्यांचे बाबा दिसले की ती मला आडोशाला ओढतात, आणि मी निमूट उभी राहते. आईची ती हिंमत मला काही जमली नाही.