सुरखीचे कोर्ट आणि चाळीस खड्डे

नानांची आणि माझी पहिली भेट माझ्या एका चुकीमुळे झाली, आणि ती चूक छापून आलेली असल्यामुळे मला नाकारता येत नाही. मी तेव्हा जळगावात नवा वार्ताहर होतो. संस्कृत पाठशाळेतून थेट बातमीदारीत आलेलो, त्यामुळे जगातले सगळे आपल्याला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. मेहरूण तलावाजवळच्या एका शाळेच्या आवारात लाल चुरा पसरलेला दिसला आणि मी बातमी दिली : 'मैदानावर फुटक्या विटांचा राडारोडा, मुलांचे हाल.' दुसऱ्या दिवशी त्या शाळेचे क्रीडाशिक्षक मुरलीधर देवरे, म्हणजे आपणा सर्वांचे नाना, अंक घेऊन कचेरीत आले. नाना मूळचे शिरपूरकडचे. मनातून प्रसन्न असले की ते अहिराणी बोलतात; फार रागावले की शुद्ध पुस्तकी मराठी. त्या दिवशी माझे नशीब बरे होते.

"भाऊ, चाल, राडारोडा दखाडस तुले. बूट शेतस का?"

तो राडारोडा म्हणजे मातीचे टेनिस कोर्ट होते. खाली खडी, तिच्यावर कोळशाची राख, आणि सर्वांत वर भट्टीवरच्या फुटक्या विटा कुटून, चाळून केलेली सुरखी. पायांत बूट आहेत हे पाहून नानांनी मला त्यावर अर्धा तास पळवले आणि मग दोन दोऱ्या बांधलेली एक जड जाळी हातात दिली. "आते पुसी टाक. आपला खुणा आपणच पुसाना." खेळून झाले की ज्याने त्याने कोर्टभर जाळी ओढायची, आपल्या पावलांचे ठसे मिटवायचे आणि मगच घरी जायचे, असा तिथला नियम. मी ठसे मिटवले. बातमीचा खुलासाही छापला.

यंदा नाना पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. गौरवसमितीने मला लेख मागितला आणि तो प्रसन्न असावा असेही कळवले. मी प्रसन्न नाही. समारंभाचा मंडप त्याच कोर्टावर घालायचे समितीने ठरवले आहे, कारण आवारात सपाट जागा तेवढीच आहे. ती सपाट का आहे, हा प्रश्न कोणाला पडला नाही. खांबांसाठी चाळीस खड्डे खणले जातील, आणि पाहुणे गेले की सगळ्यावर पेव्हर ब्लॉक बसवून ते नानांना अमृतमहोत्सवी भेट म्हणून अर्पण होतील. पूजेचे सोळा उपचार मी पाठशाळेत तोंडपाठ केले होते. मूर्तीच्या पायाशी पहार घालणे हा सतरावा उपचार मला जळगावात कळला.

हे कोर्ट आले कोठून, ते समितीतल्या तरुण सभासदांना माहीत नसेल. वडीलधाऱ्यांना माहीत असून ते विसरले आहेत. पुण्याच्या एका स्पर्धेत नाना रेषापंच म्हणून गेले होते. तेथे मातेओ नावाचा एक स्पॅनिश व्यावसायिक खेळाडू पहिल्याच फेरीत हरला. पुढची स्पर्धा आठवड्याने होती आणि तोवर जायचे कोठे, हे त्याला कळत नव्हते. नानांनी त्याला रेल्वेत बसवून घरी आणले. नानांच्या पत्नी अक्का यांनी पहिल्या जेवणालाच त्याचे 'माधव' असे नाव ठेवले आणि वांग्याचे भरीत वाढले. माधव डोळ्यांतून पाणी काढत तीन भाकरी जेवला. शाळेचे तेव्हाचे सिमेंटचे कोर्ट पाहून मात्र त्याने आपल्या गुडघ्याला हात लावला, मान हलवली, आणि कागदावर खडी, राख, विटा असे थर काढून दिले. नानांनी पुढचा सबंध उन्हाळा, आणि तोही जळगावचा उन्हाळा, विटा कुटण्यात घालवला.

त्यानंतर पंधरा वर्षे माधवची कारकीर्द मेहरूणमध्ये पोस्टकार्डांनी कळत राहिली. नाना ती शाळेतल्या जगाच्या नकाशाभोवती चिकटवत. स्वतःची पिशवी स्वतः वाहत गावोगाव फिरणारा, पात्रता फेऱ्यांतच बहुधा हरणारा हा गृहस्थ मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकदाही पोहोचला नाही. एकदा एका गुणाचे अंतर उरले होते. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू त्याच्या बाजूला पडला आणि पंचाने तो बाहेर ठरवला. माधव जिंकला होता. पण तो चेंडूच्या मातीत उमटलेल्या खुणेपाशी गेला, खूण रेषेला टेकलेली पाहिली, बुटाने पुसली आणि चेंडू आत असल्याचे सांगितले. मग तो हरला. हे त्याने चार ओळींत लिहिले होते.

नानांनी ते पत्र मुलांना वाचून दाखवले तेव्हा मी तेथे होतो. "पंचाने दिलेला गुण घेतला असता तर अधर्म झाला नसता, नाना," असे मी माझ्या पाठशाळेच्या जोरावर म्हणालो.

"त्याले खूण दिसनी ना? मंग पंचले काय विचारानं?"

त्या दिवसापासून मेहरूणच्या कोर्टावर पंच नाही. चेंडू ज्याच्या बाजूला पडेल त्याने सांगायचे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची मुलगी शिक्षणासाठी नाना-अक्कांच्या घरी राहत होती. जळगाव विरुद्ध धुळे अशा शालेय सामन्यात तिने शेवटचा गुण असाच स्वतःहून सोडला आणि जळगाव हरले. मुख्याध्यापक सर्वांसमोर नानांवर कडाडले, "तुम्ही मुलांना हरायला शिकवता काय?"

नाना शुद्ध मराठीत म्हणाले, "नाही. बघायला शिकवतो." ती मुलगी आज शिरपूरला क्रीडाशिक्षिका आहे.

मंडपाच्या बैठकीत मी भांडलो. अध्यक्ष नानांकडे वळून म्हणाले, "नाना, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि सत्कार तुमचाच आहे ना?"

नाना म्हणाले, "कार्यक्रम आपला आहे. आपणच निर्णय घ्यावा."

समितीने हा होकार समजून टाळ्या वाजवल्या. तीस वर्षे नानांसोबत राहून त्यांची भाषा या मंडळींना कळत नसेल, तर माझ्या लेखाने काय कळणार आहे?

गेल्या आठवड्यात मंडपवाल्यांनी चुन्याच्या फक्कीने चाळीस खड्ड्यांच्या खुणा आखल्या. सकाळी सहाला नाना नेहमीप्रमाणे आले, मुलांना तासभर खेळवले, आणि नेहमीप्रमाणे कोर्टभर जाळी ओढून घरी गेले. खुणा गेल्या. मंडपवाल्यांनी पुन्हा आखल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा मुकादम कुरकुरला, "नाना, आम्हाला परत आखावं लागतं."

"अवश्य आखा," नाना म्हणाले आणि जाळी ओढत राहिले.

माधव आता त्याच्या गावी मुलांना शिकवतो. 'कोर्ट आहे ना?' एवढेच त्याने गेल्या पत्रात विचारले आहे. नानांनी अजून उत्तर दिलेले नाही.

हा लेख मी एका अटीवर देत आहे : तो कोर्टावरच्या मंडपात वाचला जाऊ नये. तलावाकाठच्या रस्त्यावर सतरंजी अंथरा, मी पहिल्या रांगेत बसेन. नानांना शंभर वर्षांचे आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, आणि त्यांच्या तोंडी अहिराणी लवकर परत येवो. पण पंचाहत्तरीच्या माणसाला ती जाळी ओढणे जड जाते, हे मी रोज सकाळी पाहतो आहे. तिला दोन दोऱ्या आहेत. एक हल्ली माझ्या हातात असते, एक नानांच्या. ज्यांना त्यांचा गौरव करायचा असेल त्यांनी उद्या सकाळी सातला यावे आणि नानांच्या हातातली दोरी घ्यावी.