पहिल्या शेतातली मूठ

माकड आणि डोंगरातली राक्षसीण यांची लेकरं, म्हणजे आम्ही सगळे तिबेटी, जव पेरायला शिकलो ते यार्लुंगच्या खोऱ्यातल्या या झोर्थांगच्या शेतात. म्हणून वरचा जुना राजवाडा पाहून उतरलेले यात्रेकरू इथली मूठभर माती नेतात आणि आपल्या शेतात मिसळतात. लहानपणापासून मला एकच कोडं होतं: इतकी माती जाते, तर खड्डा कसा पडत नाही?

ते सोडवलं शेजारच्या त्सामचोने. शेताचा रस्त्याकडचा तुकडा तिचा. "फुकटचं काय नेता? आधी तुमच्याकडची मूठ टाका," असं ती भल्याभल्यांना सुनवायची. म्हातारी जिभेची तिखट, पण चहात लोणी घालताना हात सढळ. दूरच्या कोंगपो प्रांतातला यात्रेकरू आला, की मात्र तोंड फिरवून विचारायची, "तिकडं पीक कसंय?"

मी भोचक, मला कारण ठाऊक होतं. तिची लेक ल्हाद्रोन कोंगपोच्या सुताराबरोबर निघून गेली, तेव्हा त्सामचोने गावासमोर बजावलं होतं, "या मातीला पुन्हा हात लावलास तर बघ!" लेकीने ते खरं धरलं. आईला बोललेला शब्द मागे घेता येईना.

यंदा पेरणीच्या तोंडावर तो सुतार आला. त्याने पिशवीतली काळी माती शेतात ओतली.

"आमा, आमचं जव दोन वर्षं धरत नाही. ल्हाद्रोनसाठी एक मूठ द्या."

त्सामचोने ती माती बोटांत चुरली, हुंगली. मग म्हणाली, "नाही. दुसऱ्याच्या हाती माती देत नाही. जिला हवी, तिनं यावं."

मला राहवलं नाही. "अगं, सकाळीच त्या भिक्षुणीला तीन गावांसाठी माती बांधून दिलीस ना? हा नियम कधीपासून?"

"आत्तापासून. तू गप बस गं!"

सुतार हसला. त्याने रस्त्याकडे वळून हात केला. तिथल्या स्तूपाआडून ल्हाद्रोन पुढे आली आणि बांधावर थबकली. पाय काही शेतात टाकेना.

"आता बांधावरच पेरणार आहेस का? ये की!" त्सामचो ओरडली.

ल्हाद्रोनने ओंजळ पुढे केली. त्सामचोने मूठभर माती घातली, आणखी एक घातली, मग आणखी एक. ओंजळीतून माती सांडायला लागली, तरी म्हातारी घालतच होती.