बाबांसाठी स्क्रोल सॉ बघायला गेलो तेव्हा

मंडळी, आज नवघरला बाबांसाठी स्क्रोल सॉ बघायला गेलो. म्हणजे लाकडात बारीक नक्षी कापायचं मशीन. रिटायर झाल्यापासून बाबांच्या डोक्यात एकच, गणपतीचं मखर घरीच करायचं.

दुकानातले मिस्त्रीकाका म्हणाले, "मशीनच्या टेबलावर नाणं उभं करा, मग बटण दाबा. पडलं तर मशीन थरथरतंय, घेऊ नका."

मी नेहमीसारखा भरकटून भलत्याच ड्रिलशी खेळत बसलो होतो. वळून बघितलं तर बाबांचा रुपया सारखा पडत होता.

"गेलं, हे मशीन बाद!" मी ओरडलो.

"बटण अजून दाबलेलंच नाही रे," काका हळू आवाजात म्हणाले.

बाबांनी थरथरणारा हात खिशात घातला. "वर्ष झालं," म्हणाले. "तुझ्या आईला बोलू नको."

मग काकांनीच नाणं उभं करून दाखवलं, आणि बाबांनी मशीन घेतलंच. रिकाम्या हाताने परतलो तर आई कारण विचारेल म्हणून.

आता मशीन बोळिंजला आमच्या हॉलमध्ये खोक्यात आहे. आई मघापासून म्हणतेय, "अहो, चालवून तरी दाखवा!" बाबा नुसते माझ्याकडे बघतायत. लाकूड मी धरून वेळ मारून नेऊ, की तिला सांगून टाकू? तुम्ही काय केलं असतं?