नवी असताना जुनी दिसणारी गाडी

शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही गाडी घ्यायची ठरवली. म्हणजे ठरवलं मी, आणि ह्यांनी त्यावर अभ्यास सुरू केला. हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे अभ्यासाशिवाय काही विकत घेणं त्यांना बेजबाबदारपणाचं वाटतं. रोज जेवण झालं की ते मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ लावून बसत आणि रोज त्याच निर्णयाला येत. गाडी पांढरी हवी, उंच हवी आणि मागे मोठी डिकी हवी. आमच्या सोसायटीत खाली तशाच गाड्या ओळीने उभ्या असतात. आपली कोणती हे किल्लीचं बटण दाबून, दिवे कुठे लुकलुकतात ते बघून ओळखावं लागतं. मी विचारलं, आपण दोघंच राहतो, मुलगा परदेशात, मग डिकीत ठेवायचं काय? "लागते," एवढंच ते म्हणाले.

एके दिवशी सुकट आणायला बाजारात गेले होते, तर परत येताना मोहल्ल्यातल्या एका अंगणात मला ती दिसली. पेरूच्या झाडाखाली उभी होती. पिस्ता रंगाचं अंग, वर साईच्या रंगाचं छप्पर, पुढे दोन गोल दिवे आणि चकचकीत बंपर. कुठे कोपरा म्हणून नाही, सगळीकडून गुळगुळीत. काचेला आतून पुठ्ठा लावला होता, 'विकणे आहे'. हातातली सुकटीची पिशवी विसरून मी दोन्ही तळवे काचेवर टेकवले आणि आत डोकावले.

घरमालक बाहेर आले. पांढरी दाढी, लुंगी, हातात पाण्याची नळी. त्यांनी मला ओळखलं, कारण त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग गाडीची गोष्ट सांगितली.

कुवेतला ते ज्या दुकानात नोकरीला होते त्याच्या समोर गाड्यांचं शोरूम होतं आणि तिथल्या काचेत ही अशीच, मुद्दाम जुन्या घाटाची बनवलेली नवी गाडी ठेवलेली. सगळी नोकरी त्यांनी तिच्याकडे बघत काढली. कायमचे परत आले तेव्हा ठरवून, नवीकोरी, शोरूममधून घेतली. हार घालून पनवेलमध्ये आणली. दुसऱ्या दिवशी उरणचे मेहुणे आले, गाडीभोवती फिरले आणि त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले की तिकडे काही अडचण झाली असेल तर संकोच न करता सांगा, आपण घरचेच आहोत.

"बाई, मी त्यांना शोरूमचा कागद दाखवला," ते म्हणाले. "तर म्हणतात, कागद काय, कुणीही बनवून देतो."

पुढे मुलीला बघायला पाहुणे आले. जाताना मुलाच्या वडिलांनी दारात उभं राहून मालकांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, निकाह साधेपणाने केला तरी आमची काही तक्रार नाही. आयुष्यभर वाळवंटात राबून आलेल्या माणसाला हे फार लागलं. त्यांनी लग्न दणक्यात केलं आणि त्याच्या आधी एक मोठी पांढरी गाडी आणली. तेव्हापासून सगळ्यांना त्यांची परिस्थिती बरी वाटायला लागली. ही मात्र पेरूखालीच राहिली. आता त्यांचे गुडघे खाली वाकत नव्हते, आणि ही बुटकी.

मी ह्यांना घेऊन पुन्हा गेले. व्हिडिओत शिकवल्याप्रमाणे ह्यांनी आधी टायरला लाथ मारून पाहिली. पायात चप्पल होती, त्यामुळे पुढची तपासणी ते जरा लंगडत करत होते. बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. आमचा ओळखीचा गॅरेजवाला सोबत होता, त्याने इंजिन ऐकलं, खाली वाकून बघितलं आणि गाडी चांगली आहे असं सांगितलं. तरी ह्यांचं बघणं संपेना. शेवटी त्यांनी मालकांना विचारलं, "हिच्यात काही दोष?"

"एकच," मालक म्हणाले. "लोक विचारतात."

मग त्यांनी आम्हालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी सावलीत उभी राहणार का, उन्हात? चालवणार कोण? मी, म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. साहेब गिअर जोरात टाकतील असं वाटतं, असं ते ह्यांच्या देखत म्हणाले. धुताना कुठलं फडकं वापरायचं तेही त्यांनी सांगितलं. व्यवहार झाला, कागद यथावकाश माझ्या नावावर झाले. मी गाडी बाहेर काढली तेव्हा ते गेटपर्यंत आले आणि वळून सरळ घरात गेले. वळणावरून आरशात मला नुसतं पेरूचं झाड दिसत होतं. मला तेव्हा आनंदही झाला आणि त्या माणसाचं काहीतरी घेऊन चाललोय असंही वाटलं.

स्टँडच्या सिग्नलला थांबले तर शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून शूटिंग कुठे आहे असं विचारलं. मी बाजारात, असं उत्तर दिलं.

आता गंमत अशी की मधल्या वर्षांत जग बदललं होतं. ज्या गाडीने त्या गृहस्थांना गरीब केलं, तिने आम्हाला एका आठवड्यात श्रीमंत केलं. नवी असताना ती लोकांना जुनी वाटत होती. आता ती खरोखरच जुनी झाली, तर लोकांना ती अँटिक वाटायला लागली. सोसायटीचे सेक्रेटरी, जे आजवर मला जिन्यात बघून फक्त पाणी जपून वापरायला सांगत, ते खाली येऊन म्हणाले की अशा गाडीला मोकळ्यावर ठेवू नका, वरच्या गच्चीच्या डागडुजीसाठी सढळ हाताने मदत करणार असाल तर शेडखालची जागा बघू. गणपतीची वर्गणी मागायला आलेली मुलं पावतीपुस्तक उघडायच्या आधीच एकमेकांकडे बघून हसली. मासळीवाली पापलेट दाखवायला लागली. इतकी वर्षं ती मला बांगडेच दाखवत होती.

हे सुरुवातीला चिडायचे. सेकंडहँड आहे, असं प्रत्येकाला सांगायचे. त्यावर लोक अदबीने मान हलवायचे, की खरे श्रीमंत असंच बोलतात. हळूहळू ह्यांचं सांगणं कमी झालं. एकदा मी जिन्यात होते आणि खाली हे कुणाला तरी म्हणत होते, "आता असं काम होत नाही." त्या दिवसापासून फडकं ह्यांच्याकडे गेलं.

ही कीर्ती नणंदेपर्यंत पोचली. ती ठाण्याला असते. तिने फोन केला तो माझ्याच मोबाइलवर आणि आधी पावसापाण्याचं विचारलं. मग म्हणाली, "वहिनी, दादाने गावची जमीन विकली का? विकली असेल तर मला कळायला हवं होतं, एवढंच."

जमीन विकलेली नव्हती. जमिनीवर इतके दावे आहेत की ती विकायला निघाली तर आमचे खापरपणजोबाही सहीला लागतील. मी तिला शपथेवर सांगितलं, ह्यांनी सांगितलं, तरी फोनवरचा तो गार आवाज काही निवळला नाही. त्यामुळे चारच दिवसांनी तिने तिच्या मुलाच्या लग्नाआधीच्या फोटोंसाठी गाडी मागितली तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. फोटोवाल्याला सगळं जुन्या काळातलं हवं होतं. जागा ठरली होती पनवेलजवळच्या नेऱ्याची, एका फार्महाऊसवर. पावसाळ्यात तिकडचे डोंगर हिरवे असतात आणि फोटोवाल्यांना हिरवळ लागते. मी एकच अट घातली, गाडी मी घेऊन येणार.

भाचा पँटीला गॅलिसचे पट्टे लावून, डोक्याला चौकटीची टोपी घालून आला होता. होणारी सून पांढऱ्या ठिपक्यांच्या लाल झग्यात. ती मला येऊन नमस्कार करायला वाकली तर झग्याचा घेर तिच्या डोक्यावर आला आणि आम्ही दोघी हसलो. मुलगी मला तिथेच आवडली. फोटोवाला मात्र फार गंभीर होता. त्याने दोघांना गाडीला टेकवलं, गाडीत बसवलं, टपावर चढवायचं त्याच्या मनात होतं, पण मी जवळ जाऊन उभी राहिले. मग त्याला गाडी चालताना हवी झाली. फार्महाऊसच्या दारापासून खाली शेतापर्यंत उताराचा कच्चा रस्ता होता, त्यावरून गाडी हळूहळू येतेय, दोघं एकमेकांकडे बघतायत, असं.

मी चालवते आणि खाली वाकून बसते, असं सुचवलं. भाचा म्हणाला, "मामी, मी रोज हायवेने ऑफिसला जातो." तो जातो ते खरं होतं, पण त्याच्या गाडीला क्लच नाही हे कुणी मला सांगितलं नाही. मुलगी हळूच म्हणाली की तिला गिअरची गाडी येते, वडिलांच्या टेम्पोवर शिकली आहे. त्यावर फोटोवाला म्हणाला, चित्र उलटं होईल.

गाडी निघाली. पहिले काही हात ती फोटोवाल्याला हवी तशी चालली. दोघं एकमेकांकडे बघत होती, फोटोवालाही ओरडून सांगत होता, बघत राहा. रस्ता वळला तेव्हा भाचा अजून बघतच होता. गाडी ओल्या गवतावरून घसरली, बांध ओलांडून भाताच्या खाचरात उतरली आणि नाक चिखलात घालून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. मी धावत पोचले तोवर मुलगी दार उघडून चिखलात उतरलीही होती. भाचा आतच बसून बुटांकडे बघत होता. बूट भाड्याचे होते.

शेत शेजारच्या बाईंचं होतं. त्या डोक्यावर इरलं घेऊन बांधावर येऊन उभ्या राहिल्या. वय माझ्याएवढंच असेल. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग झग्याकडे, मग टोपीकडे. फोटोवाल्याने लगेच भरपाईचं बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी हाताने त्याला थांबवलं.

"पैसं राहू दे. कालच लावणी केली मी, आज माणूस मिलत नाय. गाडी काढा तुमची, पन हा भात कोन लावल?"

मग मुलगी म्हणाली, "आम्ही लावू." झगा वर खोचून ती चिखलात पुढे गेली. तिच्या मागे मी साडी खोचली, कारण गाडी माझी होती. बाईंनी चूड, म्हणजे रोपांची जुडी, कशी धरायची, किती खोल रोवायची ते दाखवलं. माझी रोपं लावल्या लावल्या आडवी व्हायची. त्या ती उपटून परत माझ्या हातात द्यायच्या. वाडीतली माणसं दोर घेऊन आली आणि गाडी ओढायला लागली, तेव्हा भाचाही उतरला. बूट हातात घेऊन तो काही वेळ उभा राहिला, मग त्याने ते बांधावर ठेवले आणि मुलीच्या शेजारी वाकला. तिने त्याला काहीतरी सांगितलं आणि तो त्या दिवसात पहिल्यांदा खरा हसला. फोटोवाला बिचारा दुःखात होता, पण सवयीने त्याची बोटं चालत राहिली.

गाडीचा बंपर दबला आणि एक दिवा फुटला. दिवा बरेच दिवस मिळाला नाही, तोवर आमची गाडी एका डोळ्याने फिरली.

फोटो आले तेव्हा नणंदेने फोन केला. रडवेला आवाज होता. एवढा खर्च करून मुलगा आणि सून शेतमजुरासारखे दिसतायत, असं तिचं म्हणणं. पण मुलीने तेच फोटो पत्रिकेबरोबर सगळीकडे पाठवले आणि ते ओळखीच्या, अनोळखी सगळ्यांना आवडले. मातीशी नातं, वगैरे लोकांनी खाली लिहिलं. त्यांतल्या एकाही फोटोत गाडी धड दिसत नव्हती. ती मागे धूसर पिस्ता डाग होऊन राहिली होती, लोकांना ते झुडूप वाटलं. जमिनीचा विषय नणंदेने पुन्हा काढला नाही. मुलगा चिखलात उतरलेला बघितल्यावर तिला जमिनीची ओढ राहिली नसावी.

पाऊस उताराला लागला तेव्हा आम्ही दोघं काकड्या आणायला नेऱ्याला गेलो. खरं तर त्या बाईंची रोपं धरली की नाही हे मला बघायचं होतं. धरली होती, माझीसुद्धा. आजूबाजूचं सगळं भात कमरेला आलं होतं. मात्र रस्त्याकडेचं एक खाचर त्यांनी मोकळं ठेवलं होतं, त्यात नुसतं पाणी आणि चिखल. तिथे पांढऱ्या कपड्यांतलं एक जोडपं वाकून रोपं लावत होतं आणि आमचा तोच फोटोवाला समोर गुडघ्यावर बसला होता. बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री घेऊन बसल्या होत्या.

मला बघून त्या हसल्या, खुर्ची दिली. लावणी होऊन एवढे दिवस झाले, मग हे काय, असं मी विचारलं.

"ही लावतात, फोटो काढतात, जातात," त्या म्हणाल्या. "सांजला मी काढून ठेवते. उद्याला दुसरी येनार हायत."

रोपं कुठून, तर रोज तीच. पिवळी पडली होती, पण फोटोत हिरवी करता येतात असं फोटोवाल्याने त्यांना सांगितलं होतं. त्या त्याच्याकडून पैसे आगाऊ घेत होत्या आणि चिखलाचे पाय धुवायच्या पाण्याचे वेगळे. मी त्यांना विचारलं, धंदा कसा आहे. त्या म्हणाल्या, भातापेक्षा बरा, ह्याला उंदीर लागत नाय.

तेवढ्यात फोटोवाल्याने मान वर केली. त्याने आम्हाला ओळखलं की नाही कोण जाणे. गाडी चित्रात येतेय, जरा मागे घ्या, असं त्याने हात हलवून सांगितलं. हे स्टिअरिंगवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गिअर अगदी हलक्या हाताने टाकून गाडी मागे घेतली.