ढगात न गेलेले मान्यवर

माणूस जातो, इमारती पडतात, कागदाला वाळवी लागते. पण एकदा क्लाउडवर गेलेली गोष्ट अविनाशी असते.

हे वाक्य आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांचे. डिजिटल संग्रहाच्या उद्घाटनात त्यांनी ते दोनदा म्हटले आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. मी चिटणीस असल्यामुळे व्यासपीठावर न बसता संगणकापाशी बसलो होतो. पडद्याच्या कोपऱ्यात त्या वेळी ‘बाकी फाईली : १,८७,४१२’ असे दिसत होते. दुसऱ्यांदा टाळ्या झाल्या तेव्हा तो आकडा १,८७,९०० झाला होता. बाकी वाढते कशी, हा प्रश्न त्या प्रसंगी कोणाला विचारणे बरे दिसले नसते.

मी निवृत्त शिक्षक आहे. ‘वही घरी राहिली, सर’ हे वाक्य आयुष्यभर ऐकलेल्या माणसाचा ‘अपलोड होत आहे’ यावर पटकन विश्वास बसत नाही.

संग्रह सारंगखेड्याच्या एका छायाचित्रकाराचा. यात्रेतले घोडे, लग्ने, शाळेचे वर्ग, केळीचे घड, तापीचा पूर, पुढाऱ्यांचे दौरे, सगळे त्यांनी टिपले होते. शेवटच्या आजारपणात घरी बसून त्यांनी एकेक निगेटिव्ह स्कॅन केली आणि एका हार्ड डिस्कवर भरली. पुढे ते गेले, निगेटिव्ह वाळवीने खाल्ल्या आणि त्यांच्या पत्नीने ती डिस्क टॉवेलात गुंडाळून नंदुरबारला आमच्याकडे आणून दिली. दोन लाखांवर फोटो, आणि दुसरी प्रत कुठेही नाही.

वहिनींची अट एकच होती.

“भाऊ, यास्ना एकच फोटो शे त्यामा. तेवढा माले काढी द्या. बाकीना तुम्हीन ठेवा.”

जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस एकदाच कॅमेऱ्यापुढे आला होता. आधार कार्डावरचा फोटो होता, पण तो पाहून त्यांनी स्वतःच ‘हा कोण?’ असे विचारले होते, असे वहिनी सांगत. वर्षश्राद्धाच्या आत तो एक फोटो चौकटीत घालून भिंतीला लावायचा, एवढेच त्यांना हवे होते.

डिस्कवर शोधायला गेलो तर एक फोल्डर उघडायला अर्धा तास लागे आणि आतून पाल चुकचुकावी तसा आवाज येई. त्यामुळे असे ठरले, की डिस्कला फार हात लावायचा नाही. सगळे एकदा क्लाउडवर जाऊ द्यायचे आणि मग तिथे निवांत शोधायचे. मी रोज सकाळ-संध्याकाळ बाकीचा आकडा वहीत उतरवू लागलो. तो कधी उतरे, कधी चढे, कधी दोन दिवस हलत नसे. वहिनी सोमवारी बाजाराला येत आणि दारातून विचारत, “गया का वर?” मी वही उघडून आकडा सांगे. तिसऱ्या सोमवारी त्या म्हणाल्या, “माणूस गया वर, ते तं काही परत उना नही. आते फोटो बी वरच चालना का?”

अखेर एका दुपारी आकडा नाहीसा झाला आणि हिरवी खूण आली. ‘सर्व काही अद्ययावत आहे.’ अध्यक्षांनी पेढे मागवले. माझ्या मनात मात्र डिस्कमधली पाल चुकचुकली. दोन दिवसांपूर्वी साठ हजार बाकी असताना आमच्या इंटरनेटने असा कोणता पराक्रम केला होता?

मी डिस्कबरोबर आलेले छायाचित्रकारांचे जुने रजिस्टर काढले. त्यात वहिनींना हव्या असलेल्या फोटोपुढे दोनच शब्द होते : ‘सत्कार, मी.’ मी क्लाउडवर ‘घोडा’ शोधून पाहिले. हजारो घोडे आले. ‘म्हैस’ शोधले, म्हशी आल्या. ‘सत्कार’ शोधले. एकही निकाल नाही.

आमच्या जिल्ह्यात कोणी चाळीस वर्षे कॅमेरा घेऊन फिरला आणि त्याला एकही सत्कार दिसला नाही, यावर कोण विश्वास ठेवील? इथे बोअरला पाणी लागले तरी बोअरवाल्याचा सत्कार होतो.

मी फोल्डरागणिक मोजदाद सुरू केली. एका कागदावर डिस्कवरचा आकडा, शेजारी क्लाउडवरचा. घोडे बरोबर. केळी बरोबर. पुरात बुडालेले रस्ते बरोबर. कमी भरले ते उद्घाटने, भूमिपूजने, सत्कार आणि शोकसभा. त्यातही पहिल्यांदा गायब दिसले ते माजी अध्यक्ष, आणि आमच्या वाचनालयात माजी अध्यक्ष गायब होणे हा काही तांत्रिक बिघाड समजला जात नाही. मी आजी अध्यक्षांकडे जरा रोखून पाहिले.

“काय चिटणीस, आपल्याला काही शंका आहे काय?” त्यांनी विचारले. ते प्रमाण मराठीत बोलत असतात तोवर काळजीचे कारण नसते.

“माजी अध्यक्षांचा एकही फोटो वर गेलेला नाही.”

“त्यांचा स्वभावच तसा आहे. ते कुठेच वेळेवर जात नसत.”

“तुमचाही एकही गेलेला नाही.”

“कसा काय नही गया?” अध्यक्ष अहिराणीवर आले, म्हणजे प्रकरण खरे झाले. “कोणी काढी टाका तो?”

आता संशय उरला तो एकाच माणसावर. फोटोंना नावे आमच्या कारकुनाने, डिस्क धड चालत होती तेव्हा, रजिस्टर पाहून दिली होती. मूळ फोटोंना नुसते क्रमांक होते. नोकरीला लागण्यापूर्वी हा गृहस्थ विसरवाडीच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवत असे. तिथे एकदा नवरदेवाच्या मामाचे नाव राहिले, तर मामा वऱ्हाडाच्या ट्रकसह छापखान्यात हजर झाला होता. तेव्हापासून त्याने कोणाचेही नाव गाळले नव्हते.

मी त्याला रजिस्टरातली ती ओळ दाखवली. “याचं काय नाव दिलं?”

त्याने पाठ असल्यासारखे म्हणून दाखवले : ‘मा. अध्यक्ष यांच्या शुभहस्ते व मा. माजी अध्यक्ष, मा. सरपंच, मा. चेअरमन यांच्या प्रमुख उपस्थितीत ज्येष्ठ छायाचित्रकार यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करतानाचा अविस्मरणीय क्षण.’

“हे फाईलचं नाव?”

“एक नाव राही गयं ना सर, तं पुरं गाव रुसस.”

“आणि हा ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं?”

तेही असेच होते. तरीही एवढ्याने अडले नसते. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी सगळ्या फोल्डरांवरचे मोठे फोल्डर, जे तोवर नुसते ‘फोटो’ होते, बदलून ‘अमृतमहोत्सवी वर्षानिमित्त मा. अध्यक्षांच्या प्रेरणेने साकारलेला अविनाशी डिजिटल ठेवा’ असे करायला लावले होते. त्या नावबदलामुळे प्रोग्रामने दोन लाख फाईली पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतल्या. बाकी वाढत होती ती त्यामुळे. शिवाय फोल्डरात फोल्डर, त्यात फाईल, असा पूर्ण पत्ता किती अक्षरांचा असावा याला मर्यादा असते. ती ओलांडली की प्रोग्राम भांडत बसत नाही, फाईल सोडून पुढे जातो. तसे त्याने कळवलेही होते, पडद्यावरच्या एका छोट्या घंटीत. ती घंटी जाहिरातीची असेल असे समजून कारकून रोज ती बंद करत होता.

थोडक्यात, ज्यांना बिरुद नव्हते ते सगळे वर पोचले होते. घोडे, म्हशी, रनाळ्याच्या मिरच्या वाळवणाऱ्या बायका. मान्यवर तेवढे खाली होते.

मोठ्या फोल्डरचे नाव पुन्हा बदलले असते तर दोन लाख फाईली परत तपासणीला लागल्या असत्या, आणि डिस्कची तेवढी छाती उरली नव्हती. मी म्हटले, एकेक फाईल बाहेर काढून नाव लहान करून पाठवू. अध्यक्ष म्हणाले, पदव्या कापायच्या तर कोणाच्या आधी कापायच्या, हे सभेत ठरले पाहिजे.

सभेची वाट न पाहता सोमवारी मी एकच फाईल काढली. वहिनी पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसल्या होत्या. फोल्डर उघडायला पाऊण तास गेला. फोटो बाहेर आला. मी ते सगळे लांबलचक नाव पुसले आणि रजिस्टरात होते तेवढेच ठेवले : ‘मी’. चार सेकंदांत खूण आली. या वेळी खुणेवर न थांबता मी दुसऱ्या मोबाईलवरून उघडून पाहिले. फोटो होता.

वहिनींनी मोबाईल स्वतःच्या हातात घेतला. “हाऊ मीच काढेल शे,” त्या म्हणाल्या. “कॅमेरा मन्हा हातमा दिधा न् सांगं, दुसरं काही देखू नको, फक्त मन्हाकडे देख.”

त्यांनी तसेच केले होते. शाल खांद्यावरून घसरलेला, थोडा ओशाळलेला माणूस फोटोच्या बरोबर मध्ये होता; मान्यवर कडेला कापले गेले होते. फोटो वर्षश्राद्धाच्या आधी भिंतीला लागला.

पदव्यांच्या प्रश्नावर तीन सभा झाल्या. तिसरीच्या आदल्या दिवशी डिस्कमधला आवाज थांबला आणि त्यानंतर ती संगणकाला दिसलीच नाही. अविनाशी ठेव्यात आज घोडे, केळी, म्हशी आणि पूर पूर्ण आहेत. मान्यवरांपैकी फक्त अध्यक्षांचा उजवा हात आहे, मनगटापर्यंत, नारळासह.