सुंदराकाकूंचा सभ्य नकार

कडावच्या खालच्या आळीत ईमेल एकच होता, आणि तो सुंदराकाकूंचा. बाकीच्यांचे नव्हते असं नाही, पण कोणाला पासवर्ड आठवायचा नाही, तर कोणी ईमेल विचारला की फोन नंबर सांगून मोकळा व्हायचा. टेंपोवाल्या कमलेशनं डेअरीच्या कामासाठी काकूंना तो उघडून दिला आणि सार्वजनिक नळासारखा तो सगळ्या आळीचा झाला. आबाजींनी टायरवाल्याला काकूंचाच पत्ता दिला. विठू कुंभिवलीला हायवेवरच्या हॉटेलात जेवला आणि बक्षिसाच्या पेटीत टाकायच्या चिठ्ठीवर त्यानंही तोच खरडला. बक्षीस कोणाला लागलं देव जाणे, जाहिराती मात्र काकूंच्या घरी मुक्कामाला आल्या. टकलावर केस, गुडघ्याला तेल, सिंगापूरची सहल, नुसतं बटण दाबून कर्ज.

काकू वैतागल्या म्हणता? छे, त्यांचा भाव वाढला! दुपारी दूध घालून आल्या की पडवीत पाय पसरायच्या आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून उत्तरं द्यायला बसायच्या. दारात आलेल्या बोहारणीलाही "आज नको गं बाय, पुढच्या खेपेला ये" म्हटल्याशिवाय न पाठवणारी ही बाई. एवढ्या लांबून आलेल्या मेलवाल्यांना ती उत्तर न देता कशी घालवेल? इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्यानं काही अडत नव्हतं. इंग्रजीत बोलणारा माणूस काहीतरी विकायलाच आलेला असतो, हे त्यांचं ठाम मत. फोनसमोर तोंड नेऊन त्या बोलायच्या आणि फोन लिहून घ्यायचा, "तुमचं भलं होवो. पण आमाला नको. राग मानू नका. सुंदरा, कडाव."

मेल काही कमी होत नव्हते. उलट रोज वाढत होते. काकू म्हणायच्या, "बघा, माणसं कशी जोडलेली ऱ्हातात!"

त्या दिवशी सून नम्रता मागच्या दारी भांडी घासत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. खालापूरकडच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेतल्या जागेसाठी तिच्याबरोबर मुलाखतीला बसलेली समिधा बोलत होती. "काय गं, होकार कळवलास ना? माझा तर परवाच गेला. आज शेवटचा दिवस हाय, ऑफिस सुटलं की संपलं."

नम्रताच्या हातातली कढई तशीच राहिली. मुलाखतीचं बोलावणं फोनवर आलं होतं, त्यानंतर तिला तर काहीच आलं नव्हतं. मग आठवलं. अर्ज कमलेशनं भरून दिला होता, आणि पत्ता टाकला होता सवयीनं आळीचाच.

"आई, फोन द्या."

काकूंनी दिला. सुनेचा आवाज ऐकूनच त्यांनी पाय आखडून घेतले.

नम्रता मेल सरकवत गेली. तेल, कर्ज, सहल... आणि अचानक सोनेरी अक्षरं. 'अभिनंदन! तुमची नोकरी पक्की! ताबडतोब इथे दाबा.'

"आलं बघ!" काकू उसळल्या. "दाब, दाब!"

अंगठा टेकणारच होता. नम्रतानं तो उचलला. "थांबा. यात माझं नाव नाय, कंपनीचं नाय. नुसतं प्रिय विजेता. आन बँकेच्या कार्डाचा नंबर कशाला मागतात? नोकरी देतात की घेतात?"

तो मेल तिनं बाजूला केला आणि पुन्हा शोधू लागली. उन्हं ओट्यावरून खाली उतरली होती. काकू एकदा फोनकडे, एकदा सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या.

मग तो सापडला. साधा, बिनरंगाचा, इंग्रजीतला. वर कंपनीचं नाव, खाली नम्रताचं पूर्ण नाव. आणि त्याला गेलेलं उत्तर.

नम्रतानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. "आई, तुमी नाय म्हणून कळवलंत?"

"मी? कोणाला?"

"कंपनीला. माझ्या नोकरीला."

काकूंना आठवलं. मुलाखतीच्या दिवशी त्याच बोलल्या होत्या, दोन म्हशी घरात आन बाई निघाली कंपनीत! आळीतल्या चारजणींनी ऐकलं होतं. आज ते वाक्य दोघींच्या मधे येऊन बसलं.

"मुद्दाम केलंत ना?"

"नाय गं! म्हशींची शप्पथ!"

नम्रतानं काकूंनी पाठवलेले मेल उघडले. टकलाला, 'तुमचं भलं होवो. पण आमाला नको.' सिंगापूरला तेच. कुठल्याशा परदेशी विधवेनं करोडोंची इस्टेट देऊ केली होती, तिलाही तेच, वर एक ओळ जादा, 'जिवाला जपा.' बोट सरकत राहिलं, पण नकार संपेनात. नम्रताच्या ओठाचा कोपरा हलला. हसू फुटणार एवढ्यात तिला ऑफिस सुटायची वेळ आठवली.

मेलखालच्या नंबरावर तिनं फोन लावला. पलीकडच्या बाईंनी कोरडेपणानं सांगितलं, "नकार आलाय, नाव काढायला घेतलंय. आता होकार म्हणताय, पण असे खोटे फोनही येतात. कागदपत्रं घेऊन स्वतः या. ऑफिस बंद व्हायच्या आत."

कमलेश टेंपो काढत होता, त्याला काकूंनी खिडकीतूनच धरला. "तुज्याच पत्त्यानं घात केला रं मेल्या, आता तूच पोचव!"

कर्जतच्या रेल्वे फाटकाशी टेंपो अडकला. मागे रिकामे कॅन खडखडत होते. काकूंना बसवेना.

"मी तर हाकलतच होते गं त्यांना."

"आई, कोणी कडी वाजवली आणि तुमी आतून ओरडलात, घरात कोणी नाय! मग तो जाईल का? उत्तर दिलं की त्यांना कळतं, इथं माणूस राहतो. म्हणून आणखी पाठवतात. वाचायचं नाय, दाबायचं नाय, नकोशा मेलांचा खण असतो, स्पॅम, त्यात टाकून द्यायचं. आन पत्ता गावभर वाटायचा नाय." शेवटचं वाक्य कमलेशला होतं. तो समोरच्या रुळांकडे फार लक्ष देऊन बघत होता.

त्या पोचल्या तेव्हा शिपाई खिडक्या लावत होता. फोनवरच्याच बाईंनी कागद तपासले, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला.

"ही सुंदरा कोण?"

"मी," काकू पुढे झाल्या. "चूक माजी. ही पोर नाय म्हणाली नाय. मी सगळ्यांनाच नाय म्हणते."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नकार पुष्कळ येतात हो. भलं होवो म्हणणारा पहिलाच. म्हणून हिचं नाव पुसायला हात धजेना, उद्यावर ठेवलं होतं." मग त्या नम्रताकडे वळल्या. "तर? नोकरी हवी की नको?"

काकूंचं तोंड उघडलं. जन्मभर दारात आलेल्या प्रत्येकाला उत्तर त्यांनीच दिलं होतं. त्यांनी पदराचा बोळा ओठांवर दाबला आणि गप्प उभ्या राहिल्या.

"हवी," नम्रता म्हणाली.

परतीच्या वाटेवर काकूंच्या हातातला फोन टिंग वाजला. केसांचं तेल. अंगठा शिवशिवला. त्यांनी सुनेकडे चोरून पाहिलं.

"एवढ्याला शेवटचं सांगू का गं, आता लिहू नको म्हणून?"

"आई!"